शिरस्त्राण, पान एक ते एकोणीस

कन्नमवारनगरच्या झेरॉक्सवाल्याने विचारलं, "प्रोजेक्ट का?"
हो म्हटलं.
चिलखत म्हणायला जीभ रेटेना.

तुटक रेघेवर घडी आत, ठिपक्यांवर बाहेर.
बेचाळीसला बेचाळीस चिकटवायचं
आणि फेविकॉल वाळेस्तोवर
चिमटीत धरून बसायचं.
गेममध्ये हे एका बटणात होतं.
दमट हवा. बेचाळीस पुन्हा सुटला.

रात्री दीडला डोक्यात घातलं,
कानांवरच अडलं.
माप घ्यायचंच राहिलं होतं.

ब्लाउजांच्या ढिगाआडून मावशी म्हणाली,
"हे टक्स उलटे घेतलेस."
गळ्यातली टेप काढून
माझ्या कपाळाभोवती फिरवली.
बावीस, वर दोन बोटं सैल.
बिलबुकात लिहून ठेवलं,
पेडामकरबाईंच्या बाहीखाली:
डोकं, एक. अर्जंट.