जिन्यावरची दहा मिनिटं

संध्याकाळी सात वाजले की ते म्हणायचे,
"बाई, निघा आता. अंधार पडला.
तुमच्या घरी वाट बघत असतील."

पहिल्यांदा मी हसले.
दुसऱ्यांदा लग्नातला फोटो दाखवला.
चष्मा वरखाली करत बराच वेळ बघितला त्यांनी.
"मुलगी चांगली आहे. कुणाची?"

मग मी वाद घालणं सोडलं.
पर्स घ्यायची, चपला घालायच्या,
दार ओढून तिसऱ्या मजल्याच्या
जिन्यावर बसायचं.
खाली पद्मावतीचा सिग्नल, बसचे ब्रेक,
भापकरांकडे कुकरची शिट्टी.
दहा मिनिटांनी बेल.

"या, या! बसा.
आमची प्रमिला येईलच एवढ्यात.
सिटी पोस्टात असते. आज हिशेब जुळला नसेल.
रुपया कमी पडला तरी उठायची नाही ती."

आणि सांगत बसायचे
मला, माझ्याबद्दल.
की रागावली की ती भांडी आपटत नाही,
फार हळू ठेवते. तेव्हा जपून राहावं.
की नागपूरला बदली झाली, ऐन मे महिन्यात,
तर रडली नाही,
स्वेटर विणून हातात दिला.
"घातला मी. स्टेशन येईपर्यंत काढला नाही."

"तिला सांगितलंत का हे कधी?"
"छे हो. घरातल्या घरात काय सांगायचं."

सिमला ऑफिसात सदतीस वर्षं
पाऱ्याचे आकडे लिहिले त्यांनी,
दशांशाची चूक नाही.
शेवटी दुधाच्या कॅलेंडरवर लिहायचे, रोज, ठळक:
११.४
११.४
जून उजाडला तरी ११.४.
पंखा लावून, शाल पांघरून
मी बसायचे शेजारी.

पौषात गेले. पहाटे.
वैकुंठात कुणीसं म्हणालं,
सुटले बिचारे, आणि तुम्हीही.
भापकर वहिनी म्हणाल्या,
तसे ते केव्हाच गेले होते हो.
मी मान हलवली. चहा घेतला.
त्यांना कसं सांगू,
ते तर रोज संध्याकाळी असायचे,
मीच घरी पोचलेली नसायचे.

दुसऱ्या दिवशी पेपरात किमान तापमान होतं ९.८.
कॅलेंडरवर मी ११.४ लिहिलं.

काल सातला पर्स घेतली,
चपला घातल्या.
जिन्यावरचा दिवा गेलाय, सोसायटीला सांगायला हवं.
अंधारात बसून राहिले,
दहा मिनिटं, मग आणखी दहा.
भापकरांचा नातू क्लासहून आला,
मोबाइलचा उजेड पाडून म्हणाला,
"आजी, किल्ली विसरलात?"

"नाही रे," म्हटलं.
"जरा उशीर झालाय मला."