पोळ्यांच्या डब्यात अंधार

जूनमधल्या भर बारा वाजता
मी लष्करातून अंधार नेते,
स्कूटरच्या डिकीत, पोळ्यांच्या डब्यात,
चांदीच्या कागदाच्या तीन घड्या घालून.
पारा सेहेचाळीस.
फालका बाजारात ऊन
येणाऱ्याजाणाऱ्यांचे खिसे चाचपतंय.
मी सीटवर जरा जड होऊन बसते.

डब्यात विशेष काही नाही.
भिजल्या साबुदाण्याएवढे सहा ठिपके,
तसेच लिबलिबीत, पाण्याने फुगलेले.
आत न दिसणाऱ्या धाग्यांची जाळी,
तिच्या गाठीगाठीला औषध बांधलेलं.
गाठ अशी, की अश्रूंनी सुटू नये,
पापणीच्या घासण्याने सुटू नये,
उजेड पडला तरच सुटावी,
तोही एक जांभळा, मोजून चाळीस सेकंद.
अशी गाठ मारायला मला चार वर्षं लागली.
आई अजून विचारते, चष्म्याचं दुकान का काढत नाहीस.

बैजनाथ कुशवाह कंपूच्या इस्पितळात भेटला.
ग्वाल्हेरी दगडातून जाळ्या कोरतो.
छिन्नी घसरली नव्हती, हे त्याने तीनदा सांगितलं.
दगडच खोटा निघाला.
कपची उजव्या बुबुळात.
कपची निघाली, चरा राहिला.
आता दर दोन तासांनी औषध.
रात्री मुलगी गजर लावून उठते,
अकरा वर्षांची,
झोपेत निम्मे थेंब त्याच्या गालावर पडतात.
"तुमचं ते कधी येणार?"
सध्या ससे, मी म्हटलं. मग पुन्हा ससे.
मग कागद, मग माणसं,
पण ती दुसरी कुणी.
"मग दाखवा तरी."

लाल दिव्याच्या खोलीत तो डाव्या डोळ्याने
सूक्ष्मदर्शकावर वाकला, बराच वेळ.
तो हिंदीत बोलला, मी मराठीत ऐकलं:
जाळीच आहे ही.
आम्हीही भोकांचेच पैसे घेतो.
पण कुठे तुटायचं ते हिला आधी सांगितलंय,
हे बरं केलंत.
आमचा दगड ऐकत नाही.

मला फार बरं वाटलं.
त्या भरात मी जांभळा दिवा लावला.

एक, दोन, तीन,
आणि बैजनाथने पट्टीवर तळहात दाबला,
मान फिरवली, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.
काही बोलला नाही.
जखमी डोळ्याला उजेड बोचतो
हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलं होतं.
अर्जात मात्र लिहिलं होतं: प्रकाश निरुपद्रवी.
सशांच्याही पापण्या थरथरल्या होत्या,
आम्ही त्या चिमट्याने उघड्या धरल्या
आणि रकान्यात भरलं: सहन झाले.

मी दिवा बंद केला तेव्हा सतरा झाले होते.
ठिपक्यातून थोडं औषध सुटलं असेल,
काचेच्या पट्टीवर, कुणाच्याच कामाचं नाही.
तो दारापाशी थांबला, म्हणाला,
दुपारी आम्ही जाळीला ओलं गोणपाट बांधतो,
म्हणजे ऊन येतं, पण मारत नाही.

रात्री वहीत लिहिलं:
जांभळा निम्मा कर. वेळ वाढव.
पापणी मिटलेली असताना चालतं का, बघ.
त्याखाली पेन बराच वेळ टेकून राहिलं, शाईचा डाग पडला.
दोन वाजता उगाचच जाग आली.
गजर माझ्या घरातला नव्हता.
मग उठून डबा घासून ठेवला,
सकाळी त्यात पोळ्या न्यायच्या आहेत.