तुमच्या अंथरुणात कोण झोपायचं?

मंगळवारी संधिवाताचा दवाखाना.
आ कोरुन्याच्या त्या खिडकीतून समुद्र दिसतो,
पण बाकावर बसलेला प्रत्येक जण
स्वतःच्या बोटांकडे बघत असतो.

ओब्दुलिया लेमा, वय एकाहत्तर, गाव कामारिन्यास.
धंदा, मी लिहिलं : लेस विणणे.
ती म्हणाली, धंदा खोड. हात, असं लिही.
आणि ते हात टेबलावर ठेवले,
आल्याच्या कुड्या ठेवाव्या तसे.

नवं इंजेक्शन सुरू करायचं होतं.
त्याआधी छापील कागदावरचे अकरा प्रश्न.
सातवा : घरात कुणाला क्षय होता का?
कुणालाच नाही, ती म्हणाली,
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत.
मी चौकटीत खूण केली.
अजून आठवा प्रश्न होता, बाहेर नऊ माणसं.

कोपराखाली मी चाचणीची सुई टोचली.
तिसऱ्या दिवशी पट्टी लावून मोजलं : शून्य.
चार वर्षं स्टेरॉइड खाल्लेल्या कातडीला
हो म्हणायचंही बळ उरत नाही कधीकधी,
हे मला माहीत होतं.
माहीत असणं आणि त्या वेळी आठवणं
या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत.

दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन.
एप्रिलमध्ये तिनं बरणीचं झाकण उघडलं.
मे महिन्यात सत्तर बॉबिनं मांडीवरच्या उशीवर
पुन्हा टकटकायला लागली,
कोंबड्यांनी दाणे टिपावे तशी.
माझ्यासाठी तिनं एक पट्टी विणून आणली,
चार बोटं रुंद, शिंपल्यांच्या नक्षीची.
ती मी कशाला लावावी, मला अजून कळलेलं नाही.

नोव्हेंबरात तिचा झगा खांद्यावरून घसरत होता.
रात्री उशी पिळावी इतका घाम.
मानेला गाठ.

डॉक्टर इरिया लेस्तोन समजावत होत्या :
जंतूभोवती पेशी कडं करून बसतात, वर्षानुवर्षं.
तो मरत नाही, पण त्याला वाटही मिळत नाही.
तुमचे सांधे जाळणारं जे होतं
तेच ते कडं धरून होतं. आम्ही ते गप्प केलं.

म्हणजे टाचण्या, ओब्दुलिया म्हणाली.
लेस पुरी झाली की टाचण्या काढता येतात.
अर्ध्यात काढल्या तर धागा धाग्याला ओळखत नाही.
मग थांबून :
आणि हे कधी पुरं होतच नसेल, नाही का?

इंजेक्शन बंद. चार गोळ्या, लघवी नारिंगी.
बोटं पुन्हा आत वळली, एकेक करून.

फेब्रुवारीत, मी वजन लिहीत असताना,
काहीही न विचारता तिनं एक नाव सांगितलं.
रेमेदियोस. माझी आत्या.
मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही एका अंथरुणात झोपायचो.
ती खोकायची तेव्हा माझे कान झाकायची.
गावात सांगितलं, मन लागेना म्हणून गेली.
नाहीतर आमच्या घरची लेस कुणी विकत घेतली असती?

पासष्ट वर्षं ते नाव
तिच्या तोंडातून बाहेर आलं नव्हतं.
छातीत मात्र होतं.

छापील कागद अजून तोच आहे.
सातव्या प्रश्नाशी आले की मी पेन खाली ठेवते,
बाहेर नऊ माणसं असली तरी,
आणि विचारते :
लहानपणी तुमच्या अंथरुणात कोण झोपायचं?
थंडीत कुणाच्या पाठीला पाठ लावायचात?

लोक आधी हसतात.