भाग दोन

अ‍ॅक्रनमधलं डीव्हीडी विकणारं शेवटचं दुकान बंद होत होतं.
पन्नास सेंटच्या खोक्यात हात घातला
तर हाताला तूच लागलास.
म्हणजे तू नाही, सिनेमा. भाग दोन.
भाग दोन निघाला होता हेच ठाऊक नव्हतं मला.
कव्हरवर पोहण्याच्या टीममधले सहाजण,
सगळे तिशीचे, कॉलेजकुमार म्हणून उभे केलेले,
मागे एक कवटी
आणि कवटीचीही नजर त्यांच्या खांद्यांवर.

पहिला भाग आपण दोघांनी पाहिला होता.
दोन हजार तीनचा फेब्रुवारी, बर्फाने बस बंद,
लॅबच्या ओव्हनमध्ये तुझे रबराचे नमुने तसेच राहिलेले.
पॉपकॉर्नवर तू सोलापूरची शेंगाचटणी भुरभुरलीस,
मावशीने पाठवलेली, कपड्यांनाही तिचा वास.
कॅमेरा गोष्ट विसरून
एका माणसाच्या मानेवर थांबला. थांबूनच राहिला.
तू हसलास.
मीही हसलो, अर्धा सेकंद उशिरा.
व्यंकट, तो अर्धा सेकंद मी अजून फेडतोय.

तर, भाग दोन.
शिळ्या कढीला ऊत म्हणावं तर गॅसलाही पैसे नव्हते.
एकच बोळ, पाच वेळा,
कधी डावीकडून, कधी उजवीकडून, एकदा निळा बल्ब लावून.
वीज कडाडते म्हणजे कुणीतरी ट्यूबलाइटचं बटण दाबतं.
रक्त कोकमाच्या आगळासारखं.
भूत दिसतच नाही,
भुताचा श्वास तेवढा ऐकू येतो,
तोही दमेकऱ्याचा,
बहुधा दिग्दर्शकाच्या मेहुण्याचा.

आणि सहाही जण, काही कारण नसताना,
मध्यरात्री उठून अनवाणी, उघडे,
दिवा न लावता जिना उतरतात.
एकाला पाणी हवं असतं. दुसऱ्यालाही.
घरात नळ आहे तो फक्त तळघरात.
सगळी पटकथा म्हणजे
शर्ट काढायला एक सबब
आणि हात न लावायला दुसरी.

मरतात ते भराभर, आळीपाळीने,
दाढीला जावं तसे.

पण बावन्नाव्या मिनिटाला
दोघे उरतात बॉयलरपाशी.
पहिला विचारतो, थंडी वाजतेय?
दुसरा म्हणतो, नाही.
आणि मग अकरा सेकंद (मी मोजले)
कुणी काहीच बोलत नाही.
संगीतवाला विसरला असावा, संगीतही नाही.
चांगला नट नव्हे तो दुसरा, त्याला डोळ्यांचं काय करावं कळत नाही,
म्हणून ते खरे वाटतात.
मी पुढे सरकून बसलो.
आणि दिग्दर्शक घाबरला.
मांजर सोडली.
कपाटावरून, किंचाळत, दोरीला बांधलेली.

नंतर कुऱ्हाड वगैरे.

तू आता ह्यूस्टनला. दोन मुली,
दिवाळीला चाळीसजणांना मिळून एक शुभेच्छा.
परवा फोटो टाकलास, पोट सुटलंय, छान दिसतंय.
तेव्हा, त्या रात्री, सिनेमा संपल्यावर
तूही विचारलं होतंस काहीतरी.
दुसरं ब्लँकेट हवंय का, असंच.
आपल्याकडे मांजर नव्हती.
मी भांडी घासायला उठलो.

रसेल धुतलेले मोजे जुळवत मागे उभा होता.
कसा आहे, म्हणाला.
भंगार.
मग परत मागे का नेतोयस?
मी उत्तर दिलं नाही. बॉयलर. दोघे.
थंडी वाजतेय? नाही.
रसेलने एक मोजा स्क्रीनकडे रोखला.
खोटं बोलतोय, म्हणाला,
खिडकी उघडी आहे, बघ ना, पडदा हलतोय.

एकोणीस वर्षं.
मी तो पडदा पाहिलाच नव्हता.
आणि हा तर तो सिनेमाही नव्हे.