न मुरलेल्या पाण्याचं बिल

नोव्हेंबरात घरपट्टीचं पाकीट येतं.
ओफेलिया बारागान ते ओट्यापाशी उभ्यानेच फोडते
लोण्याच्या सुरीने.
शाळा. वाचनालय. डासनिर्मूलन.
आणि पार तळाला, यंदा नव्यानेच :
पावसाचं पाणी, त्र्याऐंशी डॉलर चाळीस सेंट.

पावसाचं?
ती खिडकीबाहेर बघते.
मार्चपासून या खोऱ्यात
ढगसुद्धा कुणी उसना दिलेला नाही.

काउंटीच्या कचेरीत फोन. बावीस मिनिटं तोच पियानो.
मग डेझमंड नावाचा पोरगा, आवाजाने अजून कोवळा :
बाई, हा कर पावसावर नाही.
विमानातून फोटो काढलेत आम्ही.
तुमच्या जागेतला जेवढा भाग पाणी पीत नाही
तेवढ्याचेच पैसे.
छप्पर, गॅरेज, गाडीवाट, मागचा ओटा :
दोन हजार पंच्याऐंशी चौरस फूट,
फुटामागे चार सेंट.

पाकिटाच्या पाठीवर ती गुणाकार करते.
बरोबर येतो.
बरोबर येतो म्हणूनच जास्त राग येतो.
कुठेतरी पाणी मुरतंय असं म्हणावं
तर इथे ते मुरतच नाही,
त्याचंच तर बिल आहे.

गल्लीत सगळ्यांनाच आलंय.
टायरवाला हाचिक म्हणतो, उद्या उन्हाची पट्टी लावतील,
परवा सावलीची.
चर्चलाही सूट नाही,
रविवारी साठ गाड्या उभ्या राहतात तेवढं डांबर
देवाच्या नावावर चढलंय.
वरून बघितलं तर हे अख्खं शहरच
पालथा घडा,
आणि त्यावरून घसरणारं सगळं
आठ मैलांवरच्या किनाऱ्यावर :
सिगारेटची थोटकं, कुत्र्यांची घाण, ब्रेकची काळी भुकटी,
एकदा तर एक अख्खी बाबागाडी.
पाऊस पडून गेला की तीन दिवस
पाण्यात उतरू नका, अशी पाटी.

ओफेलिया डांबराचं ऐकून घेते, गप्प राहते.
तिला आठवतंय १९८१.
दर तीन महिन्यांनी रोसेंदो गाडीखाली आडवा,
मग जुनं तेल भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी सांभाळत
फुटपाथच्या कडेच्या त्या जबड्यापाशी.
सगळेच ओतत.
जबडा कधी नाही म्हणाला नाही.
आणि रात्र असली की
टॉर्च ती धरायची.

तेव्हा तिथे निळा मासा रंगवलेला नव्हता.
ते गटार कुठल्या कारखान्यात शुद्ध व्हायला जात नाही,
सरळ समुद्रालाच भिडतं,
हे सांगायला कुणी आलं नव्हतं. आलं असतं तरी
रोसेंदो म्हणाला असता, समुद्र केवढा, पातेलं केवढं.

दहा डिसेंबरच्या आत ती चेक लिहिते.
खाली कारण लिहायच्या बारीक ओळीवर
घरपट्टी असं लिहिता लिहिता थांबते
आणि लिहिते : रोसेंदोचं तेल.
काउंटीत कुणी वाचणार नाही.
मशीन वाचतं, त्याला आकडा पुरतो.

मग भाचा चुय भाड्याचं ड्रिल घेऊन येतो.
तेलाचा डाग जिथे अजून आहे
तीच पट्टी फोडायची, नव्वद चौरस फूट.
सहाशे डॉलर खर्च, वर्षाला वाचणार
तीन डॉलर साठ सेंट.
मावशी, चुय म्हणतो, वसूल व्हायला
एकशे सदुसष्ट वर्षं लागतील.
ती म्हणते, मला घाई नाही.

काँक्रीटखालची माती फिकट निघते,
चाळीस वर्षं पांघरुणात राहिलेल्या माणसासारखी.

जानेवारीत, रात्री अडीचला, छपरावर आवाज.
ओफेलिया टॉर्च घेऊन बाहेर येते, चपला उलट्या पायांत.
खड्ड्यात पाणी साचतं. साचूनच राहतं.
बाकीचं घाईने पन्हाळीतून, गाडीवाटेवरून, जबड्याकडे.
ती उभी.
मग एक बुडबुडा वर येतो. मग दुसरा.

सकाळी चुय विचारतो, काय लावायचं इथे?
लव्हेंडर? निवडुंग?
ती म्हणते, काही नको इतक्यात.
आधी पिऊ दे तिला.