काचबिंदू

घारपुरे काका छोट्या लाइनीवर गार्ड होते.
दोन फुटी रूळ, ग्वाल्हेरहून श्योपूर.
बकऱ्या आडव्या आल्या की गाडी थांबायची,
इंजिन रुसलं की रात्र सबलगढच्या अलीकडे कुठेतरी.
अशा रात्री प्रवासी छपरावर झोपत
आणि काका कंदिलाची लाल काच पुढे फिरवून
(गाडी तर उभीच होती)
शेवटच्या डब्यातून दुर्बीण बाहेर काढत.
कुणाला सांगितलं नाही. ड्यूटीवर होते ना.

आता लाइन उखडली.
डोळेही गेले, कडेकडेने,
डबा बोगद्यात शिरावा तसे.
माझ्या मेडिकलमधून महिन्याला दोन बाटल्या नेतात,
रात्री झोपताना एकेक थेंब.
एकदा पावतीवर बोट ठेवून म्हणाले,
"काचबिंदू. नाव बघ काय दिलंय.
काच, आणि बिंदू.
आयुष्यभर तेवढंच तर केलं."

म्हणून फाल्गुनातल्या अवसेला
दुकानाचं शटर लवकर ओढलं,
त्यांना स्कूटीवर मागे बसवलं,
दुर्बीण मांडीवर आडवी, डिकीत गजकाचा पुडा,
आणि तिघरा धरणाच्या काठावर आलो.
पूर्वेला शहराचा उजेड, करपल्या दुधासारखा.
पाण्यावर बदकं झोपेत बडबडत होती.

"उत्तरेला तोंड कर. सप्तर्षी सापडले?"
"सापडले."
"पुलस्त्यावरून क्रतूपर्यंत रेघ ओढ.
तेवढीच अजून पुढे, ध्रुवाच्या अंगाने.
थांब तिथे."

थांबले. काचेत काळोख होता,
काळोखात माझ्याच पापण्या.
काका हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते,
हिरवी झेंडी मिळायच्या आधी बसावं तसे.
मी म्हटलं, "दिसलं काका."
"किती?"
"एक."
"मग नाही दिसलं."

रागावले नाहीत. गजक मोडला, अर्धा मला दिला.
"सरळ नको बघू बेटा. जरा बाजूला बघ,
परक्याच्या ताटात बघतो ना, तसं."

बाजूला बघितलं.
आणि आली. लांबट गोल, धुरकट,
आरशावर सोडलेला श्वास.
आणि त्याच वर्तुळात, थोडं हटून, दुसरी:
बारीक, दार पुरतं न लागता
फट राहावी तशी.

"दोन," मी म्हटलं. आवाज माझा वाटला नाही.

"हं. एक कोटी वीस लाख वर्षं चालून आलाय तो उजेड.
ती बारीक आहे ना, ती तापट.
मोठी एकदा फार जवळून गेली तिच्या,
तेव्हापासून धुमसतेय,
पोटात तारे जन्मताहेत भराभर.
दोघींच्या मधे वायूचे धागे लोंबताहेत अजून.
डोळ्यांना नाही दिसत ते.
माझ्या नाही, तुझ्याही नाही."
हे म्हणताना हसले. पहिल्यांदाच बरोबरीत आल्यासारखे.

"तिसरी पण आहे त्या घरात. फिकी.
आणखी कितीतरी, नुसत्या आकड्यांनी ओळखायच्या,
मालगाडीच्या डब्यांसारख्या."

तिसरी मला सापडली नाही.
या वेळी तसं सांगितलं.

मग म्हणाले, "मलाही लाव."
लावली. डोळा काचेला टेकवून
ते बराच वेळ वाकलेले राहिले.
मी काही विचारलं नाही,
गजकाचे तीळ दातांतून काढत बसले.

परतताना मोतीझीलपाशी रस्ता एक हिसका देतो.
तिथे रूळ होते.
काकांनी मागून माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केली.
मी स्कूटी थांबवली. डावीकडे बघितलं,
उजवीकडे बघितलं.
काही येत नव्हतं.

अर्धा मिनिट आम्ही ते जाऊ दिलं.