उजवी बाजू

आधी फक्त कोरडा ब्रश.
पाणी नाही, साबण नाही, घाई तर नाहीच.
घणसोली गावातल्या एका माळ्यावरून आलेला हा रेडिओ
कोपरखैरण्याच्या माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत
रद्दीवर पालथा पडलाय,
मागचा पुठ्ठा काढलेला.
आत पालीचं फुटकं अंडं, झुरळाचे पंख,
पोस्टातल्या लायसनची पावती, घडी करून खोचलेली,
आणि सगळ्यावर तो थर,
चुलीचा, सुकटीचा, रॉकेलचा,
बोट फिरवलं की बोटाला धरून ठेवणारा.

व्हॉल्व्ह पुसायचा तर नंबर सोडून.
हे मी एक नंबर पुसूनच शिकलो.
एकदा डायलची काच धुतली होती
रिठ्याच्या पाण्यात, लाडाने,
आणि अख्खं कोलंबो बशीत उतरलं,
पिवळ्या अक्षरांचा चुरा होऊन.
त्या गिऱ्हाइकाला मी काय थाप मारली, ते राहू दे.

बटणं बेकेलाइटची.
स्टेशनच्या बटणाच्या खाचा अजून धारदार,
आवाजाच्या पार गुळगुळीत.
म्हणजे या घरात स्टेशन बदलत नसे.
आवाज मात्र सारखा कुणीतरी कमी करत होतं.

चासीवर पांढरी फुलं आलेली.
जिभेला लावून पाहिलं.
खारट.
मिठागरावरचा माणूस असणार.

मग पेटी.
डावी बाजू दोन बोळ्यांत उजळली.
उजवीकडे एक डाग,
तळहाताहून मोठा, काळा, तुकतुकीत.
स्पिरिटला दाद देईना, म्हणून टर्पेंटाइन.
अख्खी रविवारची दुपार गेली.
निघाला शेवटी. खालून सागाच्या रेषा
आत्ताच रंधा मारल्यासारख्या.
मी उगाच दोनदा बायकोला बोलावून दाखवलं.

सुगंधा मढवी आल्या.
समोरून पाहिलंच नाही त्यांनी,
पेटी फिरवून थेट उजवीकडे हात.
"हितला काला कुठं गेला?"

मी म्हटलं, मळ होता.

"बापसाचं डोकं होतं त्ये."

पोशा मढवी. दिवसभर मिठावर.
रात्री सहा पोरं एका ओळीत झोपलेली,
म्हणून आवाज मुंगीएवढा
आणि कान पेटीला लावलेला.
केसांना खोबरेल, चपचपीत.
किती वर्षं, विचारलं नाही मी.

प्लग लावला.
व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात.
त्या वेळात दोन माणसांनी कुठं बघायचं असतं
हे मला चाळीस वर्षांत समजलेलं नाही.
आधी आत तांबूस उजेड,
मग गुणगुण,
मग कुणीतरी बाजारभाव सांगत होतं.
त्यांनी आवाज कमी केला. अजून कमी.
मला ऐकू येईना इतका कमी.
मग पदर मागे सारून, वाकून,
त्या स्वच्छ जागेला कान टेकवला.

पैसे पुरते दिले, मोजून.
रिक्षा वळल्यावर मी कचऱ्याचा डबा उपसला.
काळे बोळे, चौदा.
हुंगले की आधी टर्पेंटाइन येतं,
आणि थोडं थांबलं तर
त्याच्या मागून खोबरेल.

बायको म्हणते, नाही येत.